पॅन आपलं, कर्ज भलत्याचं: क्रेडिट रिपोर्टमधली नोंद कशी काढायची?

मोगरावेल:

गृहकर्जाचा अर्ज बँकेत अडकला आहे. कारण विचारल्यावर क्रेडिट रिपोर्ट दाखवला गेला, त्यात असं दिसतंय:

एका एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) वैयक्तिक कर्ज, रक्कम १८,५०० रुपये. डीपीडीच्या, म्हणजे हप्ता किती दिवस थकला त्याच्या, चौकटीत पहिल्या महिन्यात ०००, मग ०३१, ०६१, ०९२. म्हणजे एक हप्ता भरून नंतर सोडून दिलंय. चौकशीच्या यादीत, म्हणजे कर्जासाठी माझा रिपोर्ट कुणी पाहिला त्या यादीत, आणखी दोन अनोळखी कंपन्या. वैयक्तिक माहितीत नाव, जन्मतारीख, पॅन बरोबर. पण तीन मोबाइल नंबरांपैकी एक माझा नाही आणि एक पत्ता भलत्याच जिल्ह्यातला.

हे कर्ज घेतलेलं नाही. कंपनीचा ग्राहक सेवा विभाग म्हणतो, "ओटीपी देऊन सही झाली आहे, ६,००० भरा आणि सेटलमेंट करून टाका." ब्युरोकडे (हा रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे) ऑनलाइन हरकत घेतली तर पंधरा दिवसांत उत्तर आलं की कर्जदात्या संस्थेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे.

प्रश्न: १) ६,००० भरून मोकळं व्हावं का? २) आधी पोलीस की आधी कंपनी? ३) दुरुस्तीला उशीर झाला तर रोजचे १०० रुपये मिळतात म्हणतात, ते खरं का? ४) पुन्हा असं होऊ नये म्हणून कुठे काय बंद करता येतं?

---

खातेवही:

पहिल्याचं उत्तर आधी: एक रुपयाही भरू नका. पैसे भरले की कर्ज तुमचंच होतं हे तुम्ही स्वतःच्या खात्यातून सिद्ध करून दिलंत. वर "सेटल्ड" हा शेरा वेगळाच चिकटतो. बँकेच्या लेखी त्याचा अर्थ "पूर्ण फेडलं नाही, तडजोड केली". गृहकर्जाच्या फाइलवर तो थकबाकीइतकाच बोचतो.

आता तुमची हरकत का फेटाळली गेली ते पाहू, कारण बहुतेकांची गाडी इथेच रुतते. २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तुम्ही दुरुस्ती मागू शकता आणि ३० दिवसांत त्यावर कारवाई व्हावी लागते. पण त्याच कलमात पाचर आहे: संबंधित कर्जदात्या संस्थेने दुरुस्ती प्रमाणित केल्याशिवाय ब्युरो नोंदीला हात लावू शकत नाही. म्हणजे ब्युरो नुसता पोस्टमन. तो तुमची हरकत कंपनीला पाठवतो, तिथला कर्मचारी नाव, जन्मतारीख, पॅन ताडून पाहतो आणि "जुळतं" असं कळवतो. जुळणारच की! चोराने वापरलं तेच मुळी तुमचं नाव आणि तुमचं पॅन.

तेव्हा भांडण "हे माझं नाही" या वाक्यावर लढायचं नाही. ते दोन गोष्टींवर न्यायचं: पैसे कुठल्या बँक खात्यात गेले, आणि ओटीपी कुठल्या मोबाइलवर गेला. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम सांगतात की काही ठरावीक अपवाद वगळता रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे, मधल्या अ‍ॅपवाल्याच्या खात्यातून फिरून नाही. खातं तुमचं नसेल तर पडताळणीत चूक कंपनीची झाली, आणि ती तिच्याच कागदांवरून दिसते.

काम या क्रमाने करा.

चारही ब्युरोंचे रिपोर्ट एकाच दिवशी काढा: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकाकडून कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, "प्रीमियम" योजनेच्या बटणावर बोट ठेवू नका. पीडीएफ जपून ठेवा. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर पुढे प्रत्येक पत्रात लागतो. एका ब्युरोत न दिसणारं दुसरं कर्ज दुसऱ्या ब्युरोत सापडणं अगदी शक्य आहे.

अनोळखी मोबाइल नंबर हलक्यात घेऊ नका. ब्युरोच्या संकेतस्थळावर प्रवेशाचा ओटीपी त्या नंबरवर जाऊ लागला तर तुमचा रिपोर्ट चोर वाचतो आणि तुम्ही बाहेर. कर्जाच्या नोंदीबरोबरच नंबर आणि पत्ता यांवरही हरकत नोंदवा. ऑनलाइन ओळख पटत नसेल तर ओळखपत्राची प्रत जोडून ईमेलने पाठवा.

मग कंपनीला पत्र. ग्राहक सेवेला नाही, तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्याचं नाव आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर द्यावंच लागतं. एक काळजी घ्या: अ‍ॅपचं नाव वेगळं आणि कर्ज देणारी संस्था वेगळी असू शकते. पत्र रिपोर्टमध्ये ज्या संस्थेचं नाव आहे तिलाच जायला हवं. मजकूर साधारण असा:

"आपण कर्ज खाते क्रमांक अमुक माझ्या पॅनवर नोंदवले आहे. हे कर्ज मी मागितलेले नाही, घेतलेले नाही व त्याची रक्कम मला मिळालेली नाही. पुढील माहिती द्यावी: १) रक्कम जमा केलेल्या खात्याचा क्रमांक, आयएफएससी, खातेधारकाचे नाव व व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, २) अर्ज व सही करताना ओटीपी पाठवलेला मोबाइल क्रमांक व ईमेल, दिनांक व वेळेसह, ३) घेतलेली केवायसी कागदपत्रे, छायाचित्र किंवा व्हिडिओ, ४) अर्जाच्या वेळचा आयपी पत्ता व उपकरणाची नोंद, ५) भरलेला एकमेव हप्ता कोणत्या खात्यातून आला, ६) माझा क्रेडिट रिपोर्ट पाहण्यासाठी घेतलेल्या संमतीची प्रत. वरील कर्ज खाते व त्यासंबंधीची चौकशीची नोंद चारही क्रेडिट ब्युरोंमधून पूर्णपणे वगळावी. तपास होईपर्यंत वसुली थांबवावी."

"वगळावी" हा शब्द जसाच्या तसा ठेवा. "बंद करावी" लिहिलंत तर कंपनी खातं "क्लोज्ड", शिल्लक शून्य असं कळवेल, फाइल मिटवेल आणि ते ०३१, ०६१, ०९२ तुमच्या रिपोर्टमध्ये बसून राहतील. डीपीडीची चौकट ३६ महिने मागचं दाखवते. बँकेचा माणूस तीच आधी पाहतो.

हे पत्र आणि ब्युरोकडची नवी हरकत एकाच दिवशी पाठवा. कारण तिसऱ्या प्रश्नात आहे, त्यावर नंतर लिहितो.

---

वकिलीचष्मा:

पोलिसांचं मी सांगतो. "आधी की नंतर" असं काही नाही, त्याच आठवड्यात करा. तक्रारीचा कागद जोडला की कंपनीतली फाइल ग्राहक सेवेच्या टेबलावरून फ्रॉड विभागाकडे सरकायची शक्यता वाढते.

१९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा क्रमांक प्रामुख्याने पैसे नुकतेच गेलेले असतात तेव्हा, ते वाटेत गोठवण्यासाठी आहे. इथे तुमच्या खात्यातून काही गेलेलं नाही, म्हणून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार भरा. मात्र तिथून मिळणारी पोचपावती म्हणजे एफआयआर नव्हे, आणि कंपन्या हे बरोबर ओळखतात.

कलमं: ओळखीच्या चोरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी, तोतयेगिरीने फसवणुकीसाठी ६६डी. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू असल्यामुळे त्यानंतरच्या घटनेला ३१८(४) फसवणूक, ३१९(२) तोतयेगिरी, आणि खोटी सही किंवा बनावट कागद दिसला तर ३३६(३) व ३४०(२). कर्ज त्या तारखेआधीचं असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं ४१९, ४२०, ४६८, ४७१. तक्रारीत कलमं तुम्ही लिहिलीच पाहिजेत असं नाही. घटना नीट लिहा, कलमं लावणं त्यांचं काम.

ठाण्यात "आमच्या हद्दीत नाही" हे वाक्य ऐकायला मिळेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, पण तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही केली नाही तर ती नोंदली जात नाही. बरेचजण ईमेल पाठवून घरी बसतात आणि तिथेच घसरतात. नोंद घ्यायला नकार मिळाला तर १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

आणखी एक घोळ. "पॅन कार्ड हरवलं" अशी गहाळ नोंद ऑनलाइन चटकन होते, म्हणून लोक तीच काढून कंपनीला पाठवतात. त्याचा इथे काही उपयोग नाही, उलट नुकसान होतं. कार्ड हरवलेलंच नसताना ते लिहून देणं ही खोटी माहिती. आणि हरवलं असेल, तर पुढचा प्रश्न येतो की मग तेव्हाच का कळवलं नाही. फसवणुकीची तक्रार फसवणूक म्हणूनच करा.

---

उंबरठा:

दरम्यान वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले असतील तर: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना किंवा ऑफिसात फोन करून बदनामी तर अजिबात नाही. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे. फोनवर हुज्जत घालू नका. "कर्ज वादात आहे, तक्रार क्रमांक अमुक" एवढंच सांगायचं. पॅन, आधार किंवा जन्मतारीख "पडताळणीसाठी" विचारली तर फोन ठेवून द्यायचा.

---

मोगरावेल:

खूप उपयोग झाला. पत्र आणि हरकत एकाच दिवशी पाठवली, एफआयआरही झाला. कंपनीचं उत्तर अर्धवट आलंय: कर्जकरार आणि खात्याचे शेवटचे चार अंक. खातं माझं नाही, ओटीपीचा नंबरही माझा नाही, तोच भलता नंबर. केवायसीत आधारची रंगीत झेरॉक्स आहे, फोटो अस्पष्ट. तरी शेवटी लिहिलंय, "प्रक्रिया विहित पद्धतीने पूर्ण झालेली आहे." आता?

---

खातेवही:

आता तुमच्या हातात हुकमाचं पान आहे. त्यांच्याच कागदावरून दिसतं की पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले. दुसरं पत्र फक्त तेवढ्यावर लिहा, चार ओळींचं. तुमच्या बँकेकडून "अमुक शेवटच्या अंकांचं खातं या ग्राहकाचं नाही" असं पत्र मिळालं तर जोडा. एक शक्यता मात्र तपासून घ्या: तुमच्याच नावाने कुणी दुसऱ्या बँकेत खातं उघडलेलं नाही ना. तसं निघालं तर कंपनी म्हणेल, नाव जुळलं म्हणून पैसे टाकले. मग त्या बँकेलाही वेगळी तक्रार, आणि तपास अधिकाऱ्याला पुरवणी जबाब.

आता घड्याळाचं गणित. रिझर्व्ह बँकेच्या २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने आलेली आणि एप्रिल २०२४ पासून लागू झालेली ही भरपाईची व्यवस्था आहे. तक्रारीपासून ३० कॅलेंडर दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये. त्या ३० मधले २१ दिवस कर्जदात्या संस्थेचे: तेवढ्यात तिने दुरुस्त माहिती ब्युरोला पाठवायची. ती २१ दिवसांत पाठवली नाही तर भरपाई संस्थेने द्यायची. तिने वेळेत पाठवली आणि ब्युरोने ३० दिवस उलटू दिले तर ब्युरोने.

उदाहरणार्थ, तक्रार ३ जूनची. ३० दिवस ३ जुलैला संपले. नोंद २१ जुलैला निघाली तर १८ दिवसांचे १,८०० रुपये, आणि निकालानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत ते तुमच्या खात्यात यायला हवेत. म्हणून तक्रारीच्या फॉर्ममध्ये खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडीची जागा असते ती रिकामी सोडू नका.

फोनवरच्या तक्रारीची तारीख नंतर सिद्ध करत बसावं लागतं, ईमेलची नाही. स्कोअर कमी का लागला, बँकेने कर्ज का नाकारलं, यावर ही भरपाई नाही. ती फक्त चुकीची माहिती उशिरा दुरुस्त होण्यावर आहे. १०० रुपयांनी श्रीमंत कुणी होत नाही, पण कंपनीच्या खात्यात रोज चढणारा आकडा कुणाच्या तरी कामगिरीत मोजला जातो. पत्रात त्याचा उल्लेख करायला लाजू नका.

३० दिवसांत उत्तर नाही, किंवा असंच गोलमाल उत्तर: मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवरून, फुकट. तिथली अडचण आली तर १४४४८ वर फोन. क्रेडिट ब्युरोही १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत, तेव्हा कंपनी आणि ब्युरो दोघांविरुद्ध वेगवेगळ्या तक्रारी करता येतात. आधी संबंधित संस्थेकडे लेखी तक्रार केलेली नसली तर लोकपाल अर्ज परत करतो. तोच वाद ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू असला तरी परत करतो, म्हणून दोन्ही दारं एकदम ठोठावू नका. एफआयआरचा मात्र याला अडसर नाही.

---

पाणपोई:

गृहकर्जाचं सांगते, कारण मूळ घाई तिथे आहे. सगळं निस्तरेपर्यंत बँकेला नुसतं "चुकीची नोंद आहे" म्हणून भागत नाही. कंपनीकडून एक ओळ लेखी मिळवा: "सदर खाते फसवणुकीचे असल्याचे आढळले असून नोंद वगळण्यासाठी ब्युरोंना कळवले आहे." ती ओळ, एफआयआरची प्रत आणि चारही हरकतींचे क्रमांक फाइलला लावले की काही बँका अटीवर मंजुरी देतात. सगळ्याच देतील असं नाही.

नोंद निघाल्याचं कळलं तरी लगेच अर्ज रेटू नका. १ जानेवारी २०२५ पासून संस्थांना महिन्यातून किमान दोनदा माहिती ब्युरोंना पाठवावी लागते. पाठवायला फार तर सात दिवस, ब्युरोने चढवायला पाच. म्हणजे एका फेरीला साधारण दोन आठवडे धरा, मग चारही रिपोर्ट पुन्हा काढा. फुकटचे संपले असतील तर इथे मात्र पैसे खर्च करा.

आणि नोंद परत उगवते, हेही ध्यानात ठेवा. दुरुस्ती एकदाच हाताने पाठवली पण कंपनीच्या मूळ प्रणालीत खातं तसंच राहिलं, की पुढच्या फेरीत ते पुन्हा ब्युरोत. कर्ज दुसऱ्या संस्थेला विकलं गेलं असेल तर तेच कर्ज नव्या नावाने दिसतं आणि लोकांना वाटतं नवीन फसवणूक झाली. "हे खाते कुणाला हस्तांतरित केले आहे का" हा प्रश्न दुसऱ्या पत्रात घाला.

---

टाकसाळ:

चौथा प्रश्न राहिलाच. अमेरिकेत रिपोर्ट गोठवण्याचा हक्क केंद्रीय कायद्यात आहे, सप्टेंबर २०१८ पासून तोही फुकट. गोठवला की नवा सावकार रिपोर्ट पाहू शकत नाही, म्हणून सहसा कर्जही देत नाही. आपल्या २००५ च्या कायद्यात असा हक्क नाही. "सिबिल फ्रीज करून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर तो तुमच्याच कागदांच्या मागे आहे असं समजा.

आपल्याकडे आहे ते असं. कुणी तुमचा रिपोर्ट पाहिला की ब्युरोने एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असतो. म्हणूनच ब्युरोतला मोबाइल नंबर बरोबर असणं एवढं महत्त्वाचं. तो संदेश कचरा समजून पुसू नका. चौकशी दिसली आणि अर्ज तुम्ही केलेला नसेल तर त्याच दिवशी त्या संस्थेला लिहा, कर्ज कदाचित अजून वाटलेलं नसेल. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत पाहा आणि "माझा नाही" म्हणून कळवा.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, पण त्याने सगळं बंद होतं हा गैरसमज नको. त्याने बोट, डोळा, चेहरा यांची पडताळणी थांबते. ओटीपीची चालूच राहते. तीही अडवायची तर आधी व्हर्च्युअल आयडी (आधार क्रमांकाऐवजी वापरायचा क्रमांक) काढून मग आधार क्रमांकच लॉक करावा लागतो. आणि तुमच्या प्रकरणात चोराने रंगीत झेरॉक्स वापरली, तिला यातलं कुठलंच कुलूप लागू होत नाही. झेरॉक्स द्यावीच लागली तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क केलेलं आधार द्या, आणि प्रतीवर आडवं लिहा: कुणाला, कशासाठी, तारीख. अक्षरं फोटोवरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.

---

मोगरावेल:

चौकशीच्या यादीतल्या त्या दोन कंपन्यांनी कर्ज दिलेलं दिसत नाही. त्या नोंदी सोडून दिल्या तर चालेल?

---

खातेवही:

नको. ब्युरोच्या फॉर्ममध्ये चौकशीवर हरकतीचा भाग वेगळा असतो, कर्जाच्या हरकतीत ती आपोआप येत नाही. दोन्ही कंपन्यांना एकच प्रश्न विचारा: माझ्या संमतीची नोंद दाखवा. त्यांच्याकडेही तोच भलता मोबाइल नंबर निघाला तर ते उत्तर पहिल्या कंपनीच्या फाइलला लावा. तीन संस्थांकडे एकच परका नंबर सापडल्यावर "प्रक्रिया विहित पद्धतीने" हे वाक्य लोकपालासमोर टिकवणं त्यांना जड जाईल. तपास अधिकाऱ्यालाही त्या नंबरचे तपशील मागवायला तोच धागा पुरतो.